नाव ऐकलंय का?

भोसरीच्या एका कारखान्यात मी ईडीपी विभागात नुकताच चिकटलो होतो. ईडीपी म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग. आज ज्याला शेंबडं पोरही आयटी म्हणतं, त्याचं १९९० च्या दशकातलं जडशीळ नाव. कारखान्यासाठी सर्व्हर घ्यायचा ठरलं आणि कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट करण्याचं काम विभागातला सगळ्यात धाकटा म्हणून माझ्या गळ्यात पडलं. पाच कंपन्यांची कोटेशनं आली होती. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वॉरंटी, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), डिलिव्हरी किती आठवड्यांत, पेमेंटच्या अटी काय, असे रकाने आखत गेलो. एक कागद पुरेना, म्हणून दोन कागद सेलोटेपनं जोडले. तीन आठवडे खपून केलेला तक्ता होता तो. पहिल्या रकान्यातली छोटी कंपनी किमतीतही सरस होती आणि यंत्रातही. शंकेला जागाच नव्हती.

मीटिंगला थोरले साहेब, फायनान्सचे साहेब, पर्चेस ऑफिसर, माझे साहेब आणि दाराजवळच्या खुर्चीत मी. थोरल्या साहेबांनी तक्ता अर्धा मिनिट पाहिला, पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यांचं नाव ऐकल्यासारखं वाटत नाही."

कुणीच काही बोललं नाही. मग फायनान्सचे साहेब हळूच म्हणाले, "उद्या ऑडिटवाले विचारतील." बोट सरकत सरकत चौथ्या रकान्यावर गेलं. तिथली कंपनी जवळपास दीडपट महाग होती. "हे बरे आहेत. नामांकित आहेत." चहा यायच्या आत निर्णय झाला.

मला संताप आला होता. पण त्या खोलीतली एक गोष्ट डोळ्यांपुढून गेली नाही. थोरल्या साहेबांच्या टेबलावरच्या काचेवर एक इंग्रजी साप्ताहिक पालथं पडलेलं असायचं. दर आठवड्याला नवा अंक, आणि जवळजवळ दर अंकाच्या पाठच्या पानावर त्या चौथ्या रकान्यातल्या कंपनीची पानभर जाहिरात. त्या जाहिरातीत यंत्राची माहिती ओळभरसुद्धा नव्हती. एक सूर्योदय होता, एक पूल होता आणि खाली कंपनीचं नाव होतं. मीटिंगमध्ये त्या जाहिरातीचा उल्लेख कुणीही केला नाही. करायची गरजच नव्हती.

घरात साबण घेताना पैसा आपला असतो आणि अंगही आपलंच. साबण वाईट निघाला तर पुढच्या महिन्यात बदलला, विषय संपला. ऑफिसच्या खरेदीत पैसा कंपनीचा, यंत्र वापरणार भलताच कुणी, आणि बिघडलं तर बोलणी खाणार सही करणारा. म्हणजे यंत्रातलं कळणारा माणूस वेगळा आणि यंत्राबद्दल उत्तर द्यावं लागणारा माणूस वेगळा. कळणाऱ्या माणसासाठी माहितीपत्रकं असतात, बेंचमार्क असतात, डेमो असतात. पाठच्या पानावरचा सूर्योदय उत्तर देणाऱ्यासाठी असतो. 'कोण ही कंपनी?' असा प्रश्न उद्या कुणी विचारलाच तर तो विचारणाराही ते नाव ऐकून असेल, एवढीच तजवीज ती जाहिरात करत असते.

नाव नुसतं कानावरून गेल्यानं काय होतं, हे रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या गमतीदार पद्धतीनं तपासलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दोन विद्यापीठांच्या विद्यार्थी दैनिकांत काही आठवडे एक छोटी चौकट छापून येत होती. चौकटीत फक्त एक शब्द असायचा. कादिर्गा. सारिचिक. नानसोमा. तुर्की वाटावेत असे हे शब्द. अर्थ नाही, खुलासा नाही, कुणाची जाहिरात तेही नाही. एका विद्यापीठात जो शब्द वारंवार छापला, तो दुसऱ्या विद्यापीठात क्वचितच छापला. जो इथे क्वचित, तो तिथे वारंवार. काही आठवड्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली : या शब्दांचा अर्थ काहीतरी चांगला असेल, की वाईट? जे शब्द जास्त वेळा डोळ्यांखालून गेले होते, तेच मुलांना 'चांगले' वाटले. दोन्हीकडे शब्द उलटसुलट होते, त्यामुळे गुण शब्दाच्या नादाचा म्हणावा तर तसंही नाही. झायॉन्कनं १९६८ सालीच याला 'केवळ सामोरं येण्याचा परिणाम' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. थोरल्या साहेबांचं बोट पहिल्या रकान्यावरून चौथ्या रकान्यावर गेलं, ते नानसोमाकडून कादिर्गाकडे गेलं असं आता मी समजतो.

धंदेवाईक मंडळींना हे प्रयोगाआधीच ठाऊक होतं. १९५८ साली मॅकग्रॉ-हिल या अमेरिकी प्रकाशन संस्थेनं आपल्या व्यापारी मासिकांसाठी एक जाहिरात केली. जाहिरात व्यवसायात तिला आजही 'खुर्चीतला माणूस' म्हणूनच ओळखतात. बो-टाय लावलेला एक खडूस इसम खुर्चीत बसून थेट तुमच्याकडे बघतो आहे. चेहऱ्यावर सुतकी कळा. तो ओळीनं सांगत जातो की तुम्ही कोण मला माहीत नाही, तुमची कंपनी माहीत नाही, तुमचा माल, तुमचे गिऱ्हाईक, तुमची पत, काही म्हणजे काही माहीत नाही. आणि शेवटी विचारतो, बरं, तुम्ही मला काय विकायला आला होतात? विक्रेता दारात पोचण्याआधीच विक्री सुरू व्हायला हवी आणि त्यासाठी आमच्या मासिकांत जाहिरात द्या, हा त्यातला सांगावा. कंपन्यांना काही विकण्याच्या धंद्यावर यापेक्षा नेमकं काही मी पाहिलेलं नाही. आपल्याकडे 'बोलणाऱ्याची बोरं विकतात' म्हणतात. इथे बोरंवाला बाजारात यायच्या आधीच त्याची आरोळी ऐकू यायला हवी.

संगणकाच्या जगात ही आरोळी सगळ्यात लांबवर पोचली ती आयबीएमची. 'आयबीएम घेतलं म्हणून कुणाची नोकरी गेली नाही' हे वाक्य पुष्कळांनी ऐकलेलं असतं, आणि पुष्कळांना ती त्या कंपनीची जाहिरात वाटते. ती कंपनीची घोषणा नव्हती. ते वाक्य गिऱ्हाइकांच्याच तोंडी होतं. गिऱ्हाइकानं फुकटात केलेली ही जाहिरात यंत्राची तारीफ एका शब्दानंही करत नाही, हे बघण्यासारखं आहे. यंत्र उत्तम आहे, वेगवान आहे, स्वस्त आहे, यातलं काहीही नाही. तुमची खुर्ची शाबूत राहील, बस्स.

या वाक्याची दुसरी बाजू जीन अ‍ॅमडाल यांनी अनुभवली. १९६४ साली आलेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या गाजलेल्या संगणकमालिकेचे ते मुख्य रचनाकार. १९७० मध्ये त्यांनी आयबीएम सोडली आणि स्वतःची कंपनी काढली. १९७५ पासून त्यांचं ४७०व्ही/६ हे यंत्र बाजारात आलं. आयबीएमचं सॉफ्टवेअर त्यावर जसंच्या तसं चालत होतं आणि पैशाच्या मानानं ते काम जास्त देत होतं. कागदावर पहिला रकाना त्यांचाच. तरी गिऱ्हाईक कचरत होतं. आयबीएमचे विक्रेते गिऱ्हाइकाच्या मनात भीती, अनिश्चितता आणि शंका पेरतात, असं अ‍ॅमडाल म्हणत. या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'फड' हा शब्द संगणकाच्या धंद्यात तेव्हापासून रूढ झाला. मराठीत तो वाचताना लावणीचा फड आठवतो आणि तेही अगदीच चूक नाही, रंगवण्याचंच काम ते.

भीती अगदीच पोकळ होती असंही नव्हे. लू गर्स्टनर पुढे १९९३ मध्ये आयबीएमचे प्रमुख झाले, पण त्याआधी ते अमेरिकन एक्स्प्रेसमध्ये होते, म्हणजे आयबीएमचे गिऱ्हाईक होते. तिथल्या एका प्रचंड संगणक केंद्रात सगळी यंत्रं आयबीएमची होती. एका विभागप्रमुखानं त्यात फक्त एक अ‍ॅमडालचं यंत्र बसवलं, तर आयबीएमच्या प्रतिनिधीनं सगळ्या केंद्राचीच मदत काढून घेतली. हा किस्सा गर्स्टनर यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात लिहिला आहे. ज्या कंपनीचा हा प्रताप, तिच्याच खुर्चीत पुढे बसलेल्या माणसानं तो लिहावा, याला मी तरी दाद देतो.

भारतापुरतं सांगायचं तर १९७३ च्या फेरा कायद्यानं परदेशी कंपन्यांना भांडवलातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं, आयबीएमनं ते मानलं नाही आणि १९७८ मध्ये ती इथून गेली. नाव मात्र राहिलं. तिच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी मिळून जी कंपनी काढली तिचं नाव होतं आयडीएम. इंटरनॅशनल डेटा मॅनेजमेंट. एका अक्षराचा फरक, आणि तो योगायोग असेल असं मला वाटत नाही. कंपनी देशात नसताना तिच्या नावाची सावली कामाला येत होती.

याच आयबीएमनं १२ ऑगस्ट १९८१ रोजी पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा अ‍ॅपलसारख्या कंपन्या तो आधीच विकत होत्या. अ‍ॅपलनं वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन आयबीएमचं ऐटीत स्वागतही केलं. पण ऑफिसांतले खरेदी अधिकारी परवानगीची वाट बघत होते, ती त्यांना मिळाली. हौशी पोरांचं खेळणं एका रात्रीत पर्चेस ऑर्डरवर लिहिण्याजोगी वस्तू झालं.

आता इंटेलची गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत रोचक वाटते. कारण इंटेलचा माल तर दिसतही नाही. डब्याच्या आत मदरबोर्डावर बसलेली ती चिप. १९८० च्या दशकात ती विकत घेणार कोण, तर संगणक बनवणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर. जाहिराती त्यांच्यासाठी, त्यांच्या मासिकांत, आकडेवारीनं भरलेल्या. दशक संपत आलं तेव्हा इंटेलपुढे विचित्र अडचण उभी राहिली. तिची जुनी २८६ चिप एएमडीसारख्या इतर कंपन्याही बनवत होत्या. नवी ३८६ मात्र फक्त इंटेलकडे होती. आणि ऑफिसं २८६ वर खूश होती. चाललंय ना काम, मग कशाला बदला?

डेनिस कार्टर नावाच्या इंटेलच्या विपणन अधिकाऱ्यानं १९८९ साली तोडगा काढला. इंजिनिअरला वगळून थेट ऑफिसातल्या संगणक खरेदी करणाऱ्या माणसाशी बोलायचं. जाहिरात अशी : पांढऱ्या पानावर २८६ हा भलामोठा आकडा आणि त्यावर लाल रंगाच्या फवाऱ्यानं मारलेली फुली. मग दुसरा आकडा, ३८६ एसएक्स. झालं. इंटेल आपल्याच चालत्या मालावर फुली मारत होती. कंपनीच्या आत अनेकांना हे आपलंच मूल खाण्यासारखं वाटलं. तेव्हाचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी तरी ते होऊ दिलं. ऑफिसात बसलेल्या ज्या माणसानं कधी चिप डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, त्याला एका लाल फुलीनं एवढंच कळलं की २८६ ची ऑर्डर काढली तर उद्या आपण जुनाट ठरू. फवारा नेमक्या जागी बसला होता. जाहिरातीनं गरज दाखवली नव्हती, लाज दाखवली होती.

पुढे घोटाळा झाला. १९९१ च्या मार्चमध्ये अमेरिकी न्यायालयानं ठरवलं की ३८६ हा नुसता आकडा आहे, तो कुणाच्या मालकीचा नाही. एएमडीही आपल्या चिपला ३८६ म्हणू शकत होती. एवढ्या खर्चानं लोकांच्या डोक्यात बसवलेला आकडा सार्वजनिक झाला. तेव्हा इंटेलनं आकडा सोडून स्वतःचंच नाव डब्यावर चिकटवायचं ठरवलं आणि त्याच वर्षी 'इंटेल इनसाइड'चा जन्म झाला. तिचं अर्थकारण फार चतुर होतं. संगणक बनवणारी कंपनी इंटेलकडून जेवढ्या चिपा घेईल त्याच्या काही टक्के रक्कम तिच्या नावे एका निधीत जमा व्हायची. त्या कंपनीनं आपल्या संगणकाची छापील जाहिरात करताना त्यात इंटेलचं गोल चिन्ह टाकलं, की जाहिरातीच्या खर्चाचा निम्म्यापर्यंत वाटा त्या निधीतून मिळायचा. म्हणजे जाहिरात दुसऱ्याची, पान दुसऱ्याचं, नाव इंटेलचं. १९९२ संपेपर्यंत ५०० हून अधिक कंपन्या यात सामील झाल्या होत्या.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड पीसी जोडून घेतलेल्या माणसाला त्या गोल स्टिकरची किंमत वेगळी सांगायला नको. मॉनिटर एकाचा, कॅबिनेट दुसऱ्याचं, कीबोर्ड तिसऱ्याचा, पण पुढे उजवीकडे ते स्टिकर असलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. आत काय आहे हे घरच्यांपैकी कुणालाच बघता येणार नव्हतं. कुणी स्टिकर सोलून टाकलेलं मी आजतागायत पाहिलेलं नाही.

आणि हे स्टिकर पुढे सरकारी टेंडरांत शिरलं. २००४ साली युरोपीय आयोगानं जर्मनी, इटली अशा देशांना जाब विचारला. तिथल्या सरकारी खात्यांनी संगणक खरेदीच्या टेंडरमध्ये प्रोसेसर इंटेलचाच हवा, किंवा तो अमुक इतक्या वेगाचा हवा, असं लिहिलं होतं. कायद्याप्रमाणे काम काय व्हायला हवं ते लिहायचं असतं, मालाचं नाव नव्हे. टेंडर लिहिणाऱ्या कारकुनानं लाच घेतली असेल असं मला मुळीच वाटत नाही. त्याच्या लेखी प्रोसेसर आणि इंटेल हे दोन शब्द एकच झाले होते, जसं आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात. आपल्याकडच्या टेंडरांत नाव लिहिण्याची ही अडचण 'ऑर इक्विव्हॅलंट' या दोन शब्दांनी सोडवतात. नाव लिहायचं आणि पुढे 'किंवा समतुल्य' जोडायचं. नाव ठळक असतं. समतुल्य काय, हे ठरवायची जोखीम मात्र कुणी घेत नाही.

इंटेलच्या या कथेला एक उत्तरार्ध आहे. १९९४ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांवर काम करत होते. त्यांना आकडेमोडीत बारीक तफावत दिसू लागली. शोधता शोधता दोष सापडला तो पेंटियम चिपच्या भागाकार करणाऱ्या भागात. इंटेलनं हिशेब मांडून सांगितलं की स्प्रेडशीट वापरणाऱ्या सामान्य माणसाला ही चूक २७ हजार वर्षांत एकदा भेटेल. हिशेब इंजिनिअरला पटण्यासारखा होता. पण इंटेल आता इंजिनिअरशी बोलत नव्हती ना! तिनं तीन वर्षं पैसे ओतून ऑफिसातल्या आणि घरातल्या माणसाला आपलं नाव शिकवलं होतं, आणि आता तोच माणूस संगणकवाल्याला सोडून थेट इंटेलला फोन करू लागला. १२ डिसेंबरला आयबीएमनं पेंटियमवाले संगणक पाठवणं थांबवलं. २० डिसेंबरला इंटेलनं हात जोडले : जो मागेल त्याला चिप बदलून मिळेल, कारण विचारणार नाही. या प्रकरणाचे ४७.५ कोटी डॉलर कंपनीनं खर्ची टाकले. ग्रोव्ह यांनी पुढे लिहिलंय की ज्यांनी आपल्याकडून थेट काहीच विकत घेतलेलं नाही असे लोक आपल्याला जाब विचारतात, हे समजून घ्यायलाच त्यांना वेळ लागला.

मजा अशी की एवढं होऊनही नाव बुडालं नाही. ज्यांनी कधी पेंटियम हा शब्द ऐकला नव्हता त्यांनीही तो त्या महिन्यात ऐकला. कादिर्गा, कादिर्गा, कादिर्गा.

विमानतळावरच्या जाहिरातींबद्दल थोडं सांगायला हवं. सामान घेताना सरकत्या पट्ट्याशी आपण उभे असतो आणि वर भिंतभर कुठल्याशा सल्लागार कंपनीची किंवा क्लाउडवाल्यांची जाहिरात असते. हजार प्रवाशांत तिचा उपयोग असणारा एखादाच. बाकीच्यांना ती कंपनी काय विकते हेसुद्धा सांगता येणार नाही. मग हा पैसा वाया का घालवायचा?

अ‍ॅक्सेंचरचं उदाहरण घ्या. ही कंपनी आधी अँडरसन कन्सल्टिंग होती. आर्थर अँडरसन या लेखापाल संस्थेशी तिचा वाद झाला, आणि २००० सालच्या निवाड्यानुसार तिला जुनं नाव टाकावं लागलं. १ जानेवारी २००१ पासून ओस्लोच्या एका कर्मचाऱ्यानं सुचवलेलं, शब्दकोशात नसलेलं नाव तिनं घेतलं. म्हणजे मिशिगनच्या प्रयोगासारखाच एक निरर्थक शब्द! तो जगभरच्या वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, विमानतळांवर एकाच वेळी झळकवला गेला. नशीबही असं की वर्षभरातच एन्रॉन ही ऊर्जा कंपनी कोसळली, तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन तिच्यासोबत बुडाली, आणि जुनं नाव काढून घेतलेली ही कंपनी त्यातून अलगद सुटली. पुढे २००३ पासून गोल्फपटू टायगर वुड्स तिच्या भिंतींवर दिसू लागला. २००९ च्या अखेरीस त्याची खासगी भानगड बाहेर आली तेव्हा कंपनीनं त्याला लगेच रजा दिली आणि रातोरात भिंती रिकाम्या होऊ लागल्या. सल्ला तोच, माणसं तीच, संगणक प्रणालीही त्याच. तरी घाई झाली, कारण भिंतीवरचा माणूस हाच सही करणाऱ्याचा आधार होता.

वाया जाणाऱ्या पैशाचं कोडं फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञानं १९७४ साली उलट्या बाजूनं सोडवलं होतं. काही माल असा असतो की तो वापरल्याशिवाय कसा आहे ते कळत नाही. अशा मालाच्या जाहिरातीत काय लिहिलंय याला फारसा अर्थ नाही, कारण कुणीही काहीही लिहील. अर्थ आहे तो जाहिरात केली याला. पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक येईल अशी ज्याला खात्री, तोच एवढा पैसा उधळू शकतो. लग्नात मांडव केवढा घातला यावरून सोयरे ऐपत जोखतात, त्यातलाच हा प्रकार. मांडव दुसऱ्या दिवशी उतरवतातच, पण तो उतरवण्यासाठीच घातलेला असतो. पाच वर्षांचा एएमसी देणारी कंपनी पाच वर्षं जगेल का, हा खरेदी करणाऱ्याचा रास्त प्रश्न आहे, आणि विमानतळावरची भिंत त्याचं एक अर्धवट का होईना पण उत्तर आहे. हे वाचल्यावर थोरल्या साहेबांवरचा माझा राग निम्मा उतरला.

निम्माच. कारण मांडव मोठा असला म्हणून जेवण चांगलं असेलच असं नाही. २००१ च्या नोव्हेंबरात ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीचे लॅरी एलिसन यांनी लास व्हेगासच्या कॉमडेक्स मेळाव्यात आपलं सॉफ्टवेअर 'अनब्रेकेबल', म्हणजे अभेद्य असल्याचं जाहीर केलं आणि जाहिरातीही त्याच शब्दानं सुरू झाल्या. काही महिन्यांतच डेव्हिड लिचफिल्ड या ब्रिटिश सुरक्षा संशोधकानं त्यातली भगदाडं एकामागून एक उघड केली. ओरॅकलला ती बुजवत बसावं लागलं. घोषणा मात्र चालूच राहिली. अभेद्य म्हटल्यावर किल्ला फोडायला येणारे वाढतात, हे शिवकाल शिकलेल्या कुठल्याही मराठी पोरानं सांगितलं असतं.

हल्ली भिंत प्रत्येकाच्या खिशात आली आहे. लिंक्डइनवर अमुक कंपनीतल्या, अमुक हुद्द्याच्याच माणसांना जाहिरात दाखवता येते. खरेदी समितीतल्या सात जणांना महिनाभर तेच नाव दिसत राहतं आणि सातही जण मीटिंगला 'यांचं नाव हल्ली सगळीकडे दिसतं' असं म्हणत येतात. सगळीकडे म्हणजे त्या सात मोबाइलांवर.

या सगळ्यात खरेदी करणारा अगदीच भोळा असतो असं मात्र समजू नये. अ‍ॅमडालच्या काळातली एक गोष्ट संगणकवाल्यांच्या पिढ्या सांगत आल्या आहेत. अ‍ॅमडालचे विक्रेते कंपनीचं नाव छापलेले कॉफीचे मग भेट द्यायचे. गिऱ्हाईक यंत्र घ्यायचं नाही, मग तेवढा ठेवून घ्यायचं. पुढे आयबीएमचा माणूस भाव ठरवायला आला की तो मग टेबलावर सहज दिसेल असा ठेवायचा. मग दिसला की आयबीएमचा भाव खाली यायचा. दहा लाख डॉलरचा मग म्हणत त्याला. किस्सा कितपत तिखटमीठ लावलेला आहे देव जाणे, पण मला त्यात खोटं वाटत नाही, कारण आमचे पर्चेस ऑफिसर.

अ‍ॅमडाल हे नाव त्यांनी जन्मात ऐकलं नसावं. त्या मीटिंगनंतर पहिल्या रकान्यातल्या छोट्या कंपनीचा माणूस डिसेंबरात पुन्हा आला. ऑर्डर हातची गेली तरी बिचारा नव्या वर्षाची डायरी आणि टेबल कॅलेंडर घेऊन आला होता. डायरी पर्चेस ऑफिसरांनी मला देऊन टाकली. कॅलेंडर टेबलावर ठेवलं. पुढचं सगळं वर्ष चौथ्या रकान्यातल्या कंपनीचा माणूस एएमसीची बोलणी करायला यायचा, तेव्हा ते छोट्या कंपनीचं कॅलेंडर पाहुण्याच्या खुर्चीकडे तोंड करून उभं असायचं. पर्चेस ऑफिसरांना स्वतःला तारीख बघायची झाली की ते हात लांबवून कॅलेंडर वळवायचे, तारीख बघायचे आणि पुन्हा होतं तसं फिरवून ठेवायचे.